कचऱ्यापासून वीज : उच्च तापमान, इंधनघट आणि मधला अवघड टप्पा

जपानमधील कावासाकी या औद्योगिक शहरात जून २०१८ मध्ये एक हॉटेल सुरू झाले. त्याच्या आवारात १०० किलोवॉट क्षमतेचा इंधनघट बसविण्यात आला. त्याला लागणारा हायड्रोजन जवळच्या रासायनिक कारखान्यातून नळवाहिनीने येणार होता आणि तो कारखाना हा वायू तयार करीत होता वापरून फेकलेल्या प्लॅस्टिकपासून. हॉटेलच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा हायड्रोजनमधून मिळावी, अशी योजना होती. बाटल्यांची झाकणे, वेष्टने, तुटके डबे यांचे रूपांतर खोलीतील दिव्यांत आणि स्नानगृहातील गरम पाण्यात होणे, ही कल्पना या ठिकाणी प्रयोगशाळेबाहेर पडून प्रत्यक्षात आली.

कचऱ्यावर उच्च तापमानाची प्रक्रिया करून त्यातून ज्वलनशील वायू मिळवायचा आणि तो न जाळता इंधनघटात वापरून वीज निर्माण करायची, असे या तंत्राचे थोडक्यात वर्णन करता येईल. कचऱ्याच्या प्रश्नावरील अंतिम उत्तर म्हणून त्याचा उल्लेख वारंवार होतो. म्हणूनच त्याची शास्त्रीय बैठक काय, ते कोठे यशस्वी झाले, कोठे फसले आणि गोव्यासारख्या छोट्या राज्याला त्यातून काय घेता येईल, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

जाळणे आणि वायू करणे यांतील भेद

कचऱ्यावरील औष्णिक प्रक्रियांचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतील फरक प्राणवायूच्या प्रमाणावर ठरतो. पहिला प्रकार भस्मीकरणाचा. यात भरपूर हवा देऊन कचरा पूर्णपणे जाळतात. भट्टीतील वायूंचे तापमान किमान ८५० अंश सेल्सिअस आणि तेही निदान दोन सेकंद टिकावे, असा दंडक युरोपात आहे. निर्माण झालेल्या उष्णतेवर पाण्याची वाफ करून तिने टर्बाइन फिरवितात. दुसरा प्रकार उष्णविच्छेदनाचा. यात हवा जवळजवळ दिलीच जात नाही. केवळ उष्णतेने पदार्थ फुटतो आणि तेल, वायू व कोळसा असे तीन भाग मिळतात. लाकडापासून कोळसा पाडण्याची जुनी रीत याच जातीची.

तिसरा प्रकार वायूकरणाचा. यात पूर्ण ज्वलनाला पुरणार नाही इतकाच प्राणवायू आणि सोबत वाफ दिली जाते. कचऱ्यातील कार्बन वाफेशी संयोग पावतो आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण तयार होते. यालाच संश्लेषण वायू किंवा सिनगॅस म्हणतात. भस्मीकरणात कचऱ्यातील ऊर्जा तत्काळ उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. वायूकरणात तिचा मोठा भाग रासायनिक रूपात वायूत साठून राहतो. हा वायू साठविता येतो, शुद्ध करता येतो, त्यापासून अन्य रसायने करता येतात आणि इंधनघटालाही पुरविता येतो.

प्लाझ्मा वायूकरण हे याच प्रकाराचे अतिउष्ण रूप होय. दोन विद्युत अग्रांमध्ये प्रखर विद्युत चाप निर्माण करून त्यातून वायू सोडला की तो आयनीभूत होतो. या चापाच्या गाभ्याचे तापमान ५,००० अंशांच्याही वर जाते. अशा भट्टीत गुंतागुंतीचे सेंद्रिय रेणू तुटतात आणि माती, काच, धातू असे न जळणारे पदार्थ वितळून काचेसारखी धातुमळी बनते. घातक घटक या काचेत बंदिस्त होत असल्याने विषारी औद्योगिक कचऱ्यासाठी ही पद्धत उपयुक्त ठरते. मात्र चाप पेटता ठेवण्यासाठी वीजच खर्च होते, ही बाब हिशेबातून सुटता कामा नये.

इंधनघट म्हणजे काय

इंधनघटाचे तत्त्व नवे नाही. वेल्श शास्त्रज्ञ आणि पुढे न्यायाधीश झालेले विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये हायड्रोजन व प्राणवायू यांच्यापासून विद्युतप्रवाह मिळविण्याचा प्रयोग केला. पाण्यातून वीज सोडली की हे दोन वायू वेगळे होतात. मग ते पुन्हा एकत्र आणले तर वीज परत मिळेल काय, असा त्यामागचा सरळ प्रश्न होता. व्यवहारात उपयोगी पडेल असा सुमारे ५ किलोवॉटचा घट इंग्रज अभियंते फ्रान्सिस बेकन यांनी १९५९ मध्ये दाखविला. त्याच परंपरेतील घट पुढे अपोलो चांद्रमोहिमांच्या यानांत वीज पुरवीत होते आणि त्यांतून निघणारे पाणी अंतराळवीर पीत असत.

घटाची रचना थोडक्यात अशी : दोन अग्रे आणि त्यांच्यामध्ये विद्युत विच्छेद्याचा थर. सर्वपरिचित प्रकारात एका अग्रावर हायड्रोजनचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडतात. उरलेले प्रोटॉन मधल्या थरातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनांना मात्र ती वाट बंद असते. त्यांना बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो आणि हा वळसा म्हणजेच आपल्याला मिळणारी वीज. पलीकडच्या अग्रावर प्राणवायूशी सर्वांची गाठ पडते आणि पाणी तयार होते. यात ज्योत नाही, फिरणारे चक्र नाही. वाफेच्या यंत्रांवर उष्णतेच्या नियमांनी जी मर्यादा पडते ती येथे तशी लागू होत नाही. म्हणूनच कचरा जाळून वाफेवर चालणाऱ्या वीजघराची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असताना चांगल्या इंधनघटाची ५० टक्क्यांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असू शकते.

घटांचे प्रकार अनेक आहेत. मोटारी व बसगाड्यांत वापरला जाणारा प्रोटॉन-विनिमय पटलाचा घट सुमारे ८० अंशांवर चालतो. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये सादर झालेली स्वदेशी हायड्रोजन बस याच कुळातील असून तिच्या निर्मितीत केपीआयटी या कंपनीसह वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा वाटा होता. याउलट वितळलेल्या कार्बोनेट क्षारांचा घट सुमारे ६५० अंशांवर, तर घन ऑक्साइडचा घट ६०० ते १,००० अंशांवर काम करतो. या उष्ण घटांना कार्बन मोनॉक्साइडही इंधन म्हणून चालतो. त्यामुळे कचऱ्यापासूनच्या वायूशी त्यांचे जुळणे तत्त्वतः सोपे ठरते.

मधला अवघड टप्पा : शुद्धीकरण

भट्टी आणि घट या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध झालेल्या आहेत. अडचण त्यांच्या मधल्या टप्प्यात आहे. कचऱ्यात काय काय असते? रबरातून व अन्नातून गंधक येतो; पीव्हीसीच्या नळ्यांतून आणि मिठातून क्लोरीन येते; शिवाय पारा, धूळ आणि डांबरासारखे चिकट पदार्थ. हे सारे वायूसोबत बाहेर पडते. वाफेच्या बाष्पकाला यातील बरेच काही सोसते, गॅस इंजिनाला कमी आणि इंधनघटाला जवळजवळ काहीच नाही.

कमी तापमानाच्या घटातील प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला कार्बन मोनॉक्साइड विषासारखा असतो. वाहनांसाठीच्या हायड्रोजनबाबतचे आंतरराष्ट्रीय मानक त्याचे प्रमाण दहा लाखांत ०.२ भागांपेक्षा अधिक चालवून घेत नाही. गंधकाची मर्यादा तर दहा लाखांत ०.००४ भाग इतकी कडक आहे. उष्ण घट कार्बन मोनॉक्साइड पचवितात, परंतु गंधक त्यांच्या निकेलच्या अग्रांनाही निकामी करतो. म्हणून वायू धुणे, त्यातील आम्ल काढणे, गंधक शोषून घेणे, वाफेच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइडचे हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करणे आणि शेवटी हायड्रोजन वेगळा करणे, अशी साखळी उभारावी लागते. थोडक्यात, असा प्रकल्प म्हणजे वीजघर कमी आणि रसायनांचा कारखाना अधिक असतो.

कावासाकीत काय साधले

कावासाकीतील कारखाना शोवा डेंको या कंपनीचा. २०२३ पासून ती रेझोनॅक या नावाने ओळखली जाते. प्लॅस्टिकचे वायूकरण तेथे २००३ पासून चालू आहे आणि त्याची क्षमता दिवसाला १९५ टन आहे. प्लॅस्टिक दाबून त्याचे गट्टू केले जातात. पहिल्या भट्टीत सुमारे ६०० ते ८०० अंशांवर त्यांचे विघटन होते आणि दुसऱ्या भट्टीत सुमारे १,३०० ते १,५०० अंशांवर प्राणवायू व वाफेच्या साहाय्याने संश्लेषण वायू तयार होतो. हा वायू लगेच थंड केला जातो; कारण साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात तो रेंगाळला तर डायऑक्सिन ही विषारी संयुगे पुन्हा तयार होण्याचा धोका असतो.

या यशामागे तीन कारणे दिसतात. पहिले, कारखान्यात येतो तो मिश्र कचरा नव्हे, तर घरोघरी वेगळे काढलेले कोरडे प्लॅस्टिक. दुसरे, मिळणाऱ्या हायड्रोजनचा मोठा भाग विजेसाठी नव्हे, तर अमोनिया तयार करण्यासाठी जातो. कार्बन डायऑक्साइडलाही शुष्क बर्फ आणि फेसाळ पेये यांसाठी गिऱ्हाईक आहे. तिसरे, शुद्धीकरणाचे ज्ञान बाळगणारा रासायनिक उद्योग तेथे आधीपासूनच उभा होता. हॉटेलातील इंधनघट हा या मोठ्या व्यवस्थेचा एक लहानसा फाटा आहे; त्याच्या जिवावर ती व्यवस्था उभी नाही.

जेथे गणित चुकले

याच्या उलट दोन उदाहरणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभारला गेला. रोज ३०० टन कचऱ्यापासून ३.७५ मेगावॉट वीज निघायची होती. भट्टीला किलोमागे किमान १,४६२ किलोकॅलरी उष्मांकाचा कचरा हवा होता. प्रत्यक्षात आला तो ६०० ते ७०० किलोकॅलरींचा, ओला आणि मातीमिश्रित. चाचणीचे २१ दिवस चालून हा प्रकल्प थांबला आणि पुढे कायमचा बंद करण्यात आला. यंत्र कोपनहेगनच्या कचऱ्यासाठी योग्य होते. कचरा मात्र दिल्लीचा होता.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील टीज व्हॅलीचे. तेथे एअर प्रॉडक्ट्स या बलाढ्य कंपनीने प्रत्येकी सुमारे ५० मेगावॉटचे दोन प्लाझ्मा वायूकरण प्रकल्प हाती घेतले. तांत्रिक अडचणी दूर करण्यास लागणारा वेळ व पैसा परवडणारा नाही, हे ध्यानी आल्यावर एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि सुमारे १०० कोटी डॉलरचा तोटा सोसला. तेथे वायू टर्बाइनमध्येच जाळायचा होता. इंधनघटाची कठोर शुद्धता तर अपेक्षितही नव्हती.

ऊर्जेचा साधा हिशेब

जाहिरातीत इंधनघटाची ५० किंवा ६० टक्के कार्यक्षमता सांगितली जाते. ती फक्त शेवटच्या टप्प्याची असते. संपूर्ण साखळीचा हिशेब एका उदाहरणाने करून पाहू. किलोमागे २,००० किलोकॅलरी उष्मांकाचा एक टन कचरा घेतला, तर त्यात २० लाख किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २,३२५ युनिट इतकी ऊर्जा असते. भस्मीकरण व वाफेच्या मार्गाने २२ टक्के धरले तर सुमारे ५१० युनिट वीज मिळेल.

आता वायूकरणाचा मार्ग पाहू. कचऱ्यातील ७० टक्के ऊर्जा वायूत उतरली, शुद्धीकरणानंतर त्यातील ८५ टक्के उरली आणि घटाने तिच्यातून ५० टक्के वीज दिली असे मानले, तर हाती येतात सुमारे ६९० युनिट. परंतु यातूनच कचरा बारीक करणे, प्राणवायू वेगळा करणे, वायू दाबणे आणि प्लाझ्मा असल्यास विद्युत चाप चालविणे यांची वीज वजा करायची आहे. ती एक तृतीयांश गेली तर उरतात ४६० युनिट. भस्मीकरणाच्या प्रकल्पाचा स्वतःचा वापर १५ टक्के धरला तरी तेथे सुमारे ४३५ युनिट उरतात. म्हणजे कित्येक पट महाग यंत्रणा उभारूनही निव्वळ विजेत पडणारा फरक नगण्य असू शकतो. ही गृहीते आहेत; प्रत्येक प्रकल्पाचे आकडे वेगळे असतील. मात्र प्रश्न विचारण्याची रीत हीच.

शिवाय पाणी. ३० अंश तापमानाच्या एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ६१० किलोकॅलरी लागतात. एक टन कचऱ्यात निम्मे पाणी असेल तर केवळ ते घालविण्यातच ३ लाखांहून अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात. केळीच्या साली, माशांची आवशेषे आणि नारळाच्या शहाळ्यांची भट्टीत रवानगी करणे म्हणजे इंधन देऊन पाणी उकळणे होय.

ओल्या कचऱ्याची वेगळी वाट

ओल्या कचऱ्यासाठी उच्च तापमानाची मुळीच गरज नाही. हवाबंद टाकीत जिवाणूंकडून तो कुजविला की मिथेनयुक्त जैववायू मिळतो. इंदूर येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालेला प्रकल्प रोज ५५० टन वर्गीकृत ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो जैव-सीएनजी तयार करण्याच्या क्षमतेचा आहे. इंदूरकरांनी आधी घरोघरी कचरा वेगळा करण्याची शिस्त लावून घेतली आणि मग यंत्र आणले, हा क्रम महत्त्वाचा.

जैववायू आणि इंधनघट यांची जोडही जमते. जपानमधील फुकुओका शहरात सांडपाण्याच्या गाळातून मिळणाऱ्या जैववायूपासून हायड्रोजन तयार करून तो इंधनघटावरील वाहनांना पुरविण्याचा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. कचरा एकजिनसी असल्यामुळे तेथे शुद्धीकरणाचे काम मिश्र कचऱ्याच्या तुलनेत पुष्कळ सोपे होते.

‘हरित’ म्हणावे काय?

प्लॅस्टिकपासूनच्या हायड्रोजनला सरसकट हरित म्हणणे मात्र बरोबर नाही. प्लॅस्टिकमधील कार्बन हा मूळचा खनिज तेलातला. पॉलिथिनपासून हायड्रोजन काढताना, रासायनिक समीकरणानुसारच, प्रत्येक किलो हायड्रोजनमागे किमान ७ किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरविलेल्या व्याख्येनुसार हरित हायड्रोजनसाठी ही मर्यादा किलोमागे २ किलो असून त्यात पाण्याचे विद्युत अपघटन आणि जैवभार या मार्गांचा समावेश आहे. जे प्लॅस्टिक पुन्हा वापरता येते ते भट्टीत घालणे त्यामुळे तोट्याचे. जे एरवी उघड्यावर जळणार किंवा समुद्रात जाणार, त्याच्यासाठी ही प्रक्रिया निश्चितच बरी.

गोव्याच्या संदर्भात

गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये रोज १०० टन क्षमतेने सुरू झाला आणि पुढे ती २५० टनांपर्यंत वाढविण्यात आली. दक्षिणेत काकोडा येथे १०० टनांचा प्रकल्प उभा राहिला. ओल्या कचऱ्यापासून जैववायू व त्यापासून वीज हाच या प्रकल्पांचा गाभा आहे. पुनर्वापर न होणारा ज्वलनशील सुका कचरा कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे पाठविला जातो. सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापतो आणि कचऱ्याची राखही सिमेंटमध्ये सामावते. म्हणजे आपल्या सुक्या कचऱ्यावर उच्च तापमानाची प्रक्रिया आजही होते. फक्त ती राज्याबाहेर होते आणि वाहतुकीचा खर्च आपल्याला सोसावा लागतो.

मग स्वतःची वायूकरण भट्टी आणि इंधनघट गोव्याने उभारावेत काय? मोठा खर्च आणि अखंड पुरवठा यांवर चालणाऱ्या या यंत्रणेला कावासाकीत दिवसाला १९५ टन निव्वळ प्लॅस्टिक लागते आणि ते आसपासच्या अवाढव्य महानगरातून गोळा होते. गोव्याच्या दोन मुख्य प्रकल्पांची सारी क्षमता, तीही ओल्यासुक्यासह, ३५० टन आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात उघड्यावर पडलेला सुका कचरा पावसाळ्यात सुका राहत नाही. जैववायूवर चालणारा लहान इंधनघट हा प्रयोग म्हणून अधिक वास्तववादी ठरेल, कारण त्यासाठी लागणारा वायू येथे आधीच तयार होतो.

असा कोणताही प्रस्ताव पुढे आला, तर नागरिकांनी व पंचायतींनी पाच प्रश्न विचारावेत. यंत्राला किती उष्मांकाचा आणि किती ओलाव्याचा कचरा लागतो आणि तो पावसाळ्यात कोठून येणार? स्वतःचा वापर वजा जाता निव्वळ वीज किती? वायूच्या शुद्धीकरणात निघणारा गाळ व विषारी अवशेष कोठे जाणार? याच प्रकारच्या कचऱ्यावर हे यंत्र अन्यत्र किती वर्षे सलग चालले आहे? आणि कचरा कमी पडला तर दंड कोणी भरायचा? या शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष हवे. ठरावीक टन कचरा पुरविण्याची हमी एकदा दिली की कचरा कमी करणे हाच तोटा ठरतो.

कचऱ्यातून वीज काढण्याच्या साखळीत इंधनघट हा शेवटचा दुवा आहे आणि तो उत्तम आहे. पहिला दुवा मात्र स्वयंपाकघरातील दोन डब्यांचा आहे. सोनसडोच्या डोंगराने मडगावकरांना हे वर्षानुवर्षे शिकविले : एकत्र केलेला कचरा वेगळा करणे हे कोणत्याही तापमानाच्या भट्टीपेक्षा महाग पडते. कावासाकीच्या हॉटेलातील दिव्यांसाठीही कोणीतरी आधी आपल्या घरी प्लॅस्टिक वेगळे काढून ठेवलेले असते.